हा कागद तुमचाच का?

त्र्यंबकरावांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन गोंदियाला झालं. महिनाभर लिहायचं-वाचायचं नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या सुनेच्या, मधुवंतीच्या, दुपारी गेल्या. उजव्या डोळ्यानं त्यांना तसंही धड दिसत नव्हतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला वन विभागात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून उभी नोकरी काढलेला माणूस. कागदाला हात लावल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. नगरपालिकेला नळाची तक्रार, पेन्शन ऑफिसला स्मरणपत्र, मराठी मंडळाचा पत्रव्यवहार, सगळं आता सुनेच्या हातून व्हायला लागलं. तिची लेक श्रिया झोपली की बाहेरच्या खोलीतून हाक यायची, आणि मधुवंती वही घेऊन त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर जाऊन बसायची.

पोरगी अडीच वर्षांची होती. झोपेतून उठली की आवाज न करता सरळ मागच्या अंगणात, विहिरीकडे जायची. त्यामुळे मधुवंतीचा एक कान कायम आत असे. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती. नवरा, केदार, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत; शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकी आठवडाभर एवढ्या मोठ्या घरात सासरे, ती आणि ते लेकरू. मधुवंती वारासिवनीची, राज्यशास्त्रात एम.ए. शिकली हिंदीतून, पण मराठी अक्षर वडिलांनी घोटून घेतलेलं. लग्न ठरवताना त्र्यंबकरावांनी तिला चार ओळी लिहायला लावल्या होत्या आणि कागद हातात घेऊन म्हणाले होते, पोरगी पसंत आहे.

गणपती आठ दिवसांवर आले होते. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक चर्चा व्हायची, आणि तिची रीत त्र्यंबकरावांनीच घालून दिलेली होती. बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा विषयावरून सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या, दोन घरांचं जाणं-येणं तुटलं. तेव्हा त्यांनी नियम काढला: तोंडी कोणी बोलायचं नाही. दोन बाजूंच्या दोघांनी आपापला कागद लिहून बंद पाकिटात सेक्रेटरीकडे द्यायचा आणि सभेत एकाचा कागद दुसऱ्यानं वाचायचा. वाचताना शब्द बदलायचा नाही, वेडावून दाखवायचं नाही. ज्याचा कागद, त्यानं तोवर मुकाट बसायचं. वाचून झालं की सेक्रेटरी प्रेमलाल उभे राहून लिहिणाऱ्याला विचारणार, हा कागद तुमचाच का? त्यानं हो म्हटलं की झालं. मागाहून कोणी म्हणायला नको की माझं बोलणं फिरवलं. आपले शब्द विरोधकाच्या तोंडी जाणार म्हटल्यावर माणूस जपून लिहितो, असा त्यामागचा विचार होता. आणि बारा वर्षं कोणी खुर्चीला हात लावला नव्हता.

यंदाचा विषय दिल्लीच्या कोर्टानं पुरवला. दोन पुरुष किंवा दोन बाया आपल्या मर्जीनं एकत्र राहिल्या तर तो गुन्हा नाही, असा निकाल जुलैत लागला होता. काली पुतली चौकातल्या पानठेल्यापासून मंडळाच्या हॉलपर्यंत सगळीकडे त्यावर हसणं चाललं होतं. निकालाच्या बाजूनं लिहायला माणिकराव वकील तयार झाले. धर्माच्या बाजूनं त्र्यंबकराव.

पहिली दोन पानं मधुवंतीनं शब्दाला शब्द लिहिली. त्यात तिला लिहवणार नाही असं काही नव्हतं. गृहस्थाश्रम म्हणजे काय, वंश कशासाठी, धर्मानं घातलेली मर्यादा कोर्टाला उठवता येते का, असे त्यांचे मुद्दे होते, आणि मुद्देसूद होते. तिला ते सगळे पटले नाहीत, पण लिहायला तिची हरकत नव्हती. माणूस श्रद्धेनं बोलत होता. तिसऱ्या पानावर त्यांचा आवाज बदलला. त्या लोकांसाठी त्यांनी विकृत हा शब्द सांगितला, मग समाजाला लागलेली कीड, आणि मग बाजारात टारगट पोरं एकमेकांना हाणतात तो शब्द.

तिचा पेन थांबला. हा शब्द लिहायचा का, असं तिनं विचारलं.

त्र्यंबकराव काळ्या चष्म्याआड हसले. "लिही, सूनबाई. माणिकच्या तोंडून वदवतो. पाहू कसा वाचते तो." मग मान मागे टाकून त्यांनी शेवटचं वाक्य सांगितलं, सावकाश, एकेक शब्द तोलून: "अन् माह्या घरात असा कोणी निघाला, तर मी त्याच्या नावानं आंघोळ करून मोकळा होईन."

मधुवंतीनं पेन पुन्हा टेकवला नाही. कारण घरात तसा एक होता.

अनय, तिचा धाकटा दीर, नागपूरला औषधांच्या कंपनीत होता. श्रियाच्या वेळी तिला नागपूरच्या दवाखान्यात हलवलं होतं. केदारला रजा मिळायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस अनयनं काढले. रक्त कमी पडलं तेव्हा त्याचा रूमपार्टनर मोहित येऊन देऊन गेला, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी तिच्या खाटेशी बसून, खिडकीकडे पाहत अनय म्हणाला होता, "मोहित नुसता रूमपार्टनर नाही, वहिनी." तिला आधी कळलं नाही, मग कळलं. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा तिनं विचारलं, रक्त दिल्यावर त्यांनी काही खाल्लं का? अनय त्यावर रडला होता. तेव्हापासून ही गोष्ट दोघांतच होती. केदारलाही ठाऊक नव्हती, आणि आपल्या बायकोनं एवढं मोठं काही पोटात ठेवलंय हे कळल्यावर केदार काय म्हणेल, याची भीती तिला वेगळीच.

चार दिवसांपूर्वी फोनवर अनयनं सांगितलं होतं की तो चर्चेला येतोय. तिनं नाना तऱ्हेनं सुचवून पाहिलं: गर्दी असते, गाड्यांचं काही खरं नाही, विसर्जनालाच या. तो म्हणाला, "मले ऐकायचंच आहे. ऑफिसात हसतात, पेपरात लिहितात, ते सहन होते. बाबांचं तसलं काही ऐकलं, तर मग बालाघाट संपलं माह्यासाठी." तो रागात बोलला असता तर तिनं समजूत काढली असती. तो अगदी शांत होता.

म्हणून त्या दुपारी तिनं तो बाजारातला शब्द लिहिला नाही. विकृतच्या जागी लिहिलं, वेगळ्या वाटेनं जाणारे. कीड या शब्दाच्या जागी लिहिलं, कोणाच्या तरी घरचीच लेकरं. इथवर तिला वाटत होतं की आपण फक्त कागद पुसून स्वच्छ करतोय. शेवटच्या वाक्याला मात्र पुसून भागेना. ती वहीवर वाकली आणि लिहून गेली: माझ्या घरात असा कोणी निघाला, तर मी त्याला माझा धर्म सांगेन, वाद घालेन, पण त्याचं पान मांडायचं थांबवणार नाही.

"वाच बरं," त्र्यंबकराव म्हणाले.

समोर एक लिहिलेलं आणि वाचायचं दुसरंच. त्यांचा कान तिखट होता. जन्मभर साहेबांची डिक्टेशनं घेतलेली. मधुवंतीनं नजर कागदावर ठेवली आणि त्यांचे शब्द आठवून आठवून म्हटले, तो शब्दसुद्धा. सासऱ्यासमोर तोंडातून तसला शब्द काढताना तिचे कान तापले. एका जागी ती अडखळली, तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि कागद मागितला. डोळ्याशी नेऊन, तिरपा करून त्यांनी पाहिला. नेमकी तेव्हाच आत श्रिया उठली. मधुवंती धावत मागच्या दाराशी गेली, पोरीला कडेवर घेऊन परत आली, तोवर त्यांनी कागदाची घडी करून पाकिटात घातली होती. "अक्षर दिसत नाही, पण ओळी सरळ हायेत," ते म्हणाले आणि नातीला मांडीवर घ्यायला त्यांनी हात पसरले.

त्या आठ दिवसांत तिनं दोनदा पाकीट परत मागायचं ठरवलं. प्रेमलालांच्या दुकानापर्यंत गेलीही. पण मागून काय सांगणार होती? खरे शब्द घातले तर अनय जातो. राहू दिले तर सभेत उघडं पडतं. उघडं पडलं तर आपल्याला ओरडा बसेल, फार तर केदारला बोलावून घेतील, एवढाच तिचा अंदाज होता. ते सोसायची तिनं तयारी केली.

चर्चेच्या संध्याकाळी हॉल भरला होता. दीडशे माणूस असेल. अनय गोंदियाच्या गाडीतून उतरून परस्पर तिथंच आला आणि पिशवी पायाशी ठेवून शेवटच्या रांगेत बसला. मधुवंती बायकांच्या बाजूला, श्रियाला मांडीत दाबून.

आधी माणिकरावांचा कागद. तो त्र्यंबकरावांनी वाचायचा, पण त्यांना दिसत नव्हतं. मग प्रेमलाल कानात एकेक वाक्य सांगणार आणि ते मोठ्यानं म्हणणार, असं ठरलं. त्यांनी नियम तंतोतंत पाळला. कायद्यापुढे सगळी माणसं सारखी, हे त्यांनी आपल्याच मताचं असल्यासारखं खणखणीत म्हटलं. पण माणिकरावांनीही मोह आवरला नव्हता. पोथीवाले म्हणजे उजेडाला भ्यायलेली वटवाघळं, असं एक वाक्य त्यांनी घातलं होतं. प्रेमलाल ते सांगताना चाचरले. त्र्यंबकरावांनी ते सपाट आवाजात, एकही शब्द न गाळता म्हटलं. कोणी हसलं, पण बाकीच्यांना ते आवडलं नाही. माणिकरावांची मान खाली गेली.

मग माणिकराव उभे राहिले आणि त्यांनी त्र्यंबकरावांचं पाकीट फोडलं.

दोन पानं जशीच्या तशी गेली. तिसऱ्या पानावर, वेगळ्या वाटेनं जाणारे, हे शब्द आले तेव्हा त्र्यंबकरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरलेला मधुवंतीनं पाहिला. कोणाच्या तरी घरचीच लेकरं, हे आलं तेव्हा त्यांचं तोंड अर्धवट उघडलं आणि मिटलं. कागद वाचून होईस्तोवर लिहिणाऱ्यानं बोलायचं नाही, नियम त्यांचाच. काळ्या चष्म्यामुळे ते कुठं पाहताहेत ते कळत नव्हतं, आणि तिला मात्र ते आपल्याकडेच पाहताहेत असं वाटत राहिलं. शेवटचं वाक्य वाचताना माणिकरावांचा आवाज भरून आला. पान मांडायचं थांबवणार नाही.  मग टाळ्या सुरू झाल्या. बायकांच्या बाजूला कोणीतरी डोळे पुसले.

माणिकराव कागद ठेवून पुढे आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्र्यंबकरावांपुढे हात जोडले. वटवाघळांचं वाक्य आपण परत घेतो, म्हणाले. विरोध असावा तर असा, म्हणाले. प्रेमलालांनी टाळ्या थांबायची वाट पाहिली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "त्र्यंबकराव, हा कागद तुमचाच का?"

मधुवंतीनं डोळे मिटले.

"हौ," त्र्यंबकराव म्हणाले. "माहाच."

परतताना ती, सासरे आणि पेंगुळलेली श्रिया सायकलरिक्षात. अनय हॉलवरच लोकांनी घेरला होता. बाबांचा मुलगा म्हणून जो तो त्याचा हात हातात घेत होता. रिक्षा चौकातल्या गलक्यात शिरेपर्यंत त्र्यंबकरावांनी वाट पाहिली. मग रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

ती म्हणाली, कोणी नाही. शब्द फार कडक वाटले म्हणून बदलले, चुकलं माझं.

"शब्द कडक वाटले असते तर शब्दच बदलवले असते. आंघोळ काहून खोडली?"  बाजूनं एक ट्रक गेला. "केदार?"

"नाही," मधुवंती म्हणाली.

बोलून गेली, आणि तिला कळलं की आपण काय केलं. त्यांना मुलगे दोनच होते. त्यानंतर घर येईपर्यंत ते समोर बघत बसले. घरापाशी उतरताना त्यांचा हात नेहमीसारखा तिच्या खांद्यावर आला नाही. चाचपडत, दांडी धरून ते स्वतःच उतरले.

अनय अर्ध्या तासानं आला तो थेट स्वयंपाकघरात. इतका हलका तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. श्रियाला उचलून त्यानं दोन गिरक्या घेतल्या. म्हणाला, वहिनी, मी मूर्ख होतो, एवढी वर्षं बाबांना ओळखलंच नाही. आता आजच सांगून टाकतो, आत्ताच, ते जागे आहेत तोवर.

मधुवंतीनं गॅस बंद केला. पोरगी त्याच्या कडेवर होती तेच बरं, असं तिला वाटलं; हात रिकामे असते तर तो लगेच गेला असता.

"भाऊजी, ते वाक्य बाबांचं नाही. मी लिहिलं."

तो हसतच होता. "कोणतं?"

"पानाचं. आणि तिसऱ्या पानावरचे सगळे शब्द. मुद्दे त्यांचे आहेत."

त्यानं विचारलं, मग त्यांनी काय सांगितलं होतं लिहायले? ती सांगेना. त्यानं पुन्हा विचारलं. तुम्ही ऐकू नये असं, एवढंच ती म्हणाली. मग रिक्षातलंही सांगितलं: मी तुमचं नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलंय. हे सांगताना तिला त्याच्या तोंडाकडे पाहवेना. तिनं त्याचं रहस्य जपायला जे जे केलं होतं, त्यातूनच ते बाहेर पडलं होतं.

 श्रिया त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालत होती. त्यानं ते तिच्या तोंडातून काढलं. "मग त्यांनी 'माहाच' काहून म्हटलं?" त्यानं विचारलं. मधुवंतीही रिक्षापासून तोच विचार करत होती. सुनेची अब्रू राखायला असेल, टाळ्यांसाठी असेल, माणिकरावांचे जोडलेले हात पाहून असेल.

बाहेरून हाक आली. "अनय. सूनबाई, तूबी ये."

त्र्यंबकराव खुर्चीत ताठ बसले होते. दिवा त्यांनी लावला नव्हता. बाहेरच्या खांबावरचा उजेड तेवढा आत येत होता. आवाज चढलेला नव्हता. ऑफिसात एखादा हुकूम वाचून दाखवावा तसे ते बोलले.

"दीडशे माणसांत मी हौ म्हटलं. आता ते मागं घेत नाही मी. तू येत जा. जेव, राह्य. या घरात तुले कोणी वाकडं बोलणार नाही, मीबी नाही. पण मले काही सांगायचं नाही. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाही. केदारलेबी नाही. अन् त्या रक्त देणाऱ्या पोराचं नाव या उंबऱ्याच्या आत निघालं नाही पाहिजे."

अनय उभाच होता. "आणि मी बोललोच तर?"

"तर मले मंडळात जाऊन सांगा लागल, का कागद माहा नव्हता. कोणी लिहिला तेबी सांगा लागल. मग केदार जाणे अन् त्याची बायको जाणे."

त्यांच्या बोलण्यात एकही वाईट शब्द नव्हता. मधुवंतीनं तो शोधूनही पाहिला. अनयनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या नजरेत तिला दिसलं की त्यानं ठरवून टाकलंय. तिला काही म्हणायची सवडही न देता. तिला सांगायचं होतं की माझ्यासाठी गप्प राहू नका. ओठांपर्यंत आलं होतं. पण श्रिया त्याच्या कडेवरून तिच्याकडे झेपावली, आणि पोरीला घेताना तिला केदार दिसला, मलाजखंडहून आलेला, दारात उभा, विचारतोय की किती दिवसांपासून तुला माहीत होतं. तिनं श्रियाला खांद्यावर टाकलं.

"हौ, बाबा," अनय म्हणाला.

जेवणं झाली. त्र्यंबकरावांनी अनयला गाडीत जागा मिळाली होती का ते विचारलं, नागपुरातल्या पावसाचं विचारलं. अनयनं सगळ्याची नीट उत्तरं दिली. उद्यापासून कागद लिहायला प्रेमलाल येतील, असं सासऱ्यांनी मधुवंतीला जाता जाता सांगितलं, तेही गोड आवाजात.

ताटं उचलत असताना केदारचा फोन आला. बालाघाटच्या तिघांनी त्याला खाणीवर फोन करून कळवलं होतं, आणि तो खुशीत होता. बाबांनी काय मस्त लिहिलं म्हणे, माणिक वकिलाला रडवलं म्हणे. मधुवंती हो हो करत राहिली. मग त्यानं अनयला फोन द्यायला सांगितलं. केदारचा आवाज इतका मोठा, की सिंकपाशी उभ्या असलेल्या मधुवंतीला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. बाबा एवढे मोकळ्या मनाचे झालेच आहेत, तर आता तुझ्यासाठी जातीबाहेरचीही पोरगी पाहायला हरकत नाही, सांग कशी पाहिजे, गोरी का सावळी.

अनय हसला. अगदी बेताचं, जिथं हसायला हवं तिथं. "पाहू ना, दादा," तो म्हणाला. "घाई काय आहे?"

बाहेरच्या खोलीत त्र्यंबकराव खाकरले. अनयनं आणखी दोन-तीन वेळा हौ म्हटलं, फोन तिच्या हातात परत दिला आणि उरलेली ताटं घासायला घेतली.